दिवे गेले तेव्हाचा चिमणराव

सदाशिव पेठेतला आमचा वाडा म्हणजे तेरा बिऱ्हाडं, दोन नळ आणि एक टीव्ही. टीव्ही अर्थातच मालकांचा. त्यांच्या माडीवर, दाराच्या समोरच्या भिंतीला तो चार पायांवर उभा असे. लाकडी पेटीला दुकानाच्या फळ्यांसारखं दोन्हीकडे सरकणारं शटर, शटरला कुलूप, आणि कुलपाची किल्ली मालकीणबाईंच्या कमरेच्या जुडग्यात, धान्याच्या कोठीच्या किल्लीशेजारी. वर क्रॉस टाक्याचं भरतकाम केलेला रुमाल आणि त्यावर प्लास्टिकचा हंस. हंस का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

बटण फिरवलं की आधी आवाज यायचा. चित्र मागाहून, सावकाश, पाण्यात शाई पसरावी तसं. तोवर खालच्या स्टॅबिलायझरची गुणगुण ऐकत बसायचं. आणि बंद करताना उलटं. सगळं चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक पांढरा ठिपका व्हायचा आणि तो ठिपका बराच वेळ तिथेच राहायचा. मोठी माणसं तोवर जिना उतरून गेलेली असत. आम्ही पोरं मात्र ठिपका पूर्ण मावळेपर्यंत हलत नसू. ‘गेला’ असं पहिल्यांदा कोण म्हणतो याची पैज असे, आणि म्हटल्यावरही तो कुठेतरी असल्यासारखा वाटायचा.

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसायला लागलं. म्हणून पुण्यातल्या झाडून सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून. आमच्या कौलांवर उभं राहून पाहिलं की साऱ्या पेठेने गडाला हात जोडलेत असं वाटे. कावळा बसला, वारा आला, मालकांच्या धाकट्याची पतंग अडकली, की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग माझा दादा कौलांवर. खालून एकजण, जिन्यात एकजण, माडीवर एकजण अशी साखळी. “आलं?” “गेलं!” “आता?” “होतं, होतं, कशाला हलवलंस!” दादा त्या वेळी अकरावीत होता. त्याचं गणित कच्चं राहिलं त्याचं कारण आई अजून सिंहगडाला देते.

मी आठ-नऊ वर्षांचा. तेव्हा निवडून बघणं हा प्रकार नव्हता. लागेल ते बघायचं. ‘आमची माती आमची माणसं’सुद्धा आम्ही मांडी घालून, तोंडाचा आ करून बघितलं आहे. आमच्या वाड्यात तुळशीवृंदावनाबाहेर ओंजळभर माती नव्हती, पण कपाशीवर बोंडअळी पडली तर काय करावं हे तेराही बिऱ्हाडांतल्या पोरांना पाठ होतं. मात्र एका कार्यक्रमाला माडी भरून जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत माणसं बसत, आणि ज्यांचं मालकांशी पाण्यावरून वाजलेलं असे तेही त्या अर्ध्या तासापुरते समेट करत. तो म्हणजे ‘चिमणराव’ ही विनोदी मालिका.

आता नाव घेतलं की पन्नाशीपुढची माणसं एकदम “अरे हो!” म्हणतात आणि मग गप्प होतात. कारण त्या ‘अरे हो’च्या पुढे सांगायला फारसं काही नसतं. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, काऊ, मोरू, मैना, राघू, काळापांढरा पडदा. झालं. प्रसंग विचारा, एकालाही धड सांगता येत नाही. चिं. वि. जोशींच्या गोष्टी वाचलेले लोक पुस्तकातला प्रसंग सांगतात आणि तो टीव्हीवर पाहिल्याचं शपथेवर सांगतात. १९७९मध्ये याच जोडीचा चित्रपट आला, तोही त्यात मिसळतो. गणपतीतल्या मेळ्यांत आणि शाळांच्या गॅदरिंगला पुढची दहा वर्षं जो तो चिमणराव करत होता, ते सगळे मिसळतात. मूळ मालिका या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी आहे.

चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषा शिकवायचे. बुद्धवचनांत दिवस घालवणाऱ्या माणसाने पुण्यातल्या एका भित्र्या, भिडस्त, संसारी कारकुनाला जन्म द्यावा, आणि तोही बडोद्यात बसून, ही मला नेहमीच गमतीची गोष्ट वाटत आली आहे. तो काळ १९३०च्या आसपासचा. चिं. वि. १९६३मध्ये गेले, त्यांच्या चिमणरावाने टीव्हीत पाऊल टाकलं ते काही त्यांना बघायला मिळालं नाही. पण मालिका आली तेव्हा, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही, आमच्या वाड्यात गोष्टीतलं पुणं जसंच्या तसं होतं. तोच नळावरचा तंटा, तीच उसनी साखर, पाहुणा आला की तीच तारांबळ. पडद्यावरच्या घरात आणि आमच्या बिऱ्हाडात फरक एवढाच की त्यांच्या भिंती दार आपटलं की जरा हलायच्या. आमच्या भिंती हलत नसत, नुसता चुना पडे.

आणि प्रभावळकरांचं ते बिचकणं. वाक्य सुरू करायचं, मध्येच स्वतःच्याच आवाजाला दचकायचं, आणि वाक्य तसंच सोडून दुसरीकडे बघायचं. घाबरणारा माणूस विनोदी असतो हे आम्हाला माहीत होतं. पण घाबरलोय हे कोणाला कळू नये म्हणून ऐट करणारा आणि ती ऐट अर्ध्यातच गळून पडणारा माणूस आम्ही रोज पाहत होतो, तो विनोदी आहे हे मात्र टीव्हीने दाखवलं. शेजारी सोटा घेतलेला गुंड्याभाऊ. त्याला भीती ठाऊकच नाही, त्यामुळे सगळे घोटाळे त्याच्या धैर्यातून व्हायचे.

आमचे आजोबा एकटे नाखूश असत. त्यांनी १९४० सालचा ‘लग्न पहावं करून’ हा चित्रपट पाहिला होता. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. आजोबा माडीवर यायचे, भिंतीला टेकून पूर्ण भाग बघायचे, हसायचेसुद्धा, आणि संपला की उठता उठता म्हणायचे, “पोरं बरी करतात. पण दामुअण्णांची सर नाही.” एकदा कोणीतरी विचारलं, “म्हणजे नेमकं काय होतं हो दामुअण्णांचं?” आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, “त्यांचा तो डोळा.” दामुअण्णांचा डोळा तिरळा होता हे आम्हाला फार नंतर कळलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

चिमणरावाचा एकच प्रसंग माझ्या डोक्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत शाबूत आहे. रात्रीची वेळ. माळ्यावर खुडबुड. चोर असावा अशी काऊची, म्हणजे चिमणरावाच्या बायकोची, शंका. चिमणराव आधी उंदीर म्हणतो, मग मांजर म्हणतो, मग, चोर असलाच तर गरीब असेल, जाऊ दे, असं म्हणतो. शेवटी गुंड्याभाऊच्या भरीला पडून एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन शिडी चढतो. चौथ्या पायरीवर थांबतो. वर बघतो, खाली बघतो, आणि तिथूनच अगदी सहज विचारल्यासारखं विचारतो, “काऊ, जेवणं झाली का गं सगळ्यांची?” खालून काऊ म्हणते, “झाली. आणि तुमचं ताट मांजराला घातलं.”

इथे सगळी माडी कोसळली होती. मालकीणबाई पदर तोंडात कोंबून हसल्या होत्या. मला ती शिडी आठवते, भिंतीवर पडलेली छत्रीची ही एवढी सावली आठवते, चिमणरावाचा चौथ्या पायरीवरचा थरथरणारा पाय आठवतो. मी हा प्रसंग कॉलेजात सांगितला आहे, ऑफिसात सांगितला आहे, लग्न ठरल्यावर बायकोला सांगितला आहे. ती नाशिकची. त्यांच्याकडे टीव्ही बराच उशिरा आला, म्हणून तिने मुकाट्याने ऐकून घेतला. आमच्या घरात कोणी काही करायला निघून मध्येच थांबलं की “जेवणं झाली का गं सगळ्यांची” असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मुलीला ती म्हण वाटते.

दहा-बारा वर्षांपूर्वी दादाच्या मुलीच्या लग्नात, सीमांतपूजन आटोपल्यावर आम्ही सगळे मावस-मामे गाद्यांवर लोळत गप्पा मारत होतो. विषय टीव्हीवर आला. मी माझा प्रसंग काढला. सगळे हसले. गिरगावातली मामेबहीण तेवढी हसली नाही. ती म्हणाली, “हे कुठे होतं?”

“कुठे म्हणजे? चिमणरावात.”

“नव्हतं रे. तो भाग मी पाहिलाय. खुडबुडीचाच ना? आमच्याकडे घरचा टीव्ही होता, मी एकही सोडलेला नाही. शिडी नाही, छत्री नाही. ताट-बिट तर मुळीच नाही.”

आता मुंबईकरांना पुण्याच्या आठवणींत खोट काढायची सवय असते, म्हणून मी आधी दुर्लक्ष केलं. मग दादाला साक्षीला काढलं. दादा आडवा झाला होता. तो उठून बसला, थोडा वेळ समोर बघत राहिला आणि म्हणाला, “अरे, शिडी मीच धरली होती.”

“कुठली शिडी?”

“मालकांची. माळ्याची. दिवे गेले होते त्या दिवशी.”

पलीकडे आई तांदळाच्या पिशव्या मोजत होती. मान वर न करता म्हणाली, “खालच्या अण्णांनी केलं होतं ते.”

आणि मग ते सगळं एकेक करून परत आलं. मला आठवत होतं तेच, फक्त आता चौकटीच्या बाहेरून.

खालचे अण्णा, म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्यांतले. कचेरीत कारकून. किडकिडीत, अंगात सदैव तो उसवलेला स्वेटर, पावसाळा असो नसो हातात छत्री. वाड्यात त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. नळावर कोणी पुढे घुसलं तर ते आपली बादली मागे घेत आणि आकाशाकडे बघत, जणू पाऊस येतोय का तेच बघायला आले होते. काकू ठसठशीत, बोलायला फटकळ. सगळं बोलणं काकूंनी उरकून टाकल्यामुळे अण्णांना काही शिल्लक राहिलेलं नाही, असं वाड्यातले म्हणत. माडीवर अण्णा कधी पुढे बसले नाहीत. त्यांची जागा उंबऱ्याच्या आत, चपलांना लागून.

त्या रात्री भाग जेमतेम रंगात आला होता आणि लाइट गेले. एकदम, ‘खट्’ करून, साऱ्या पेठेचे. पोरांनी बोंब मारली. लाइट परत येताना झटका बसतो म्हणून मालक चाचपडत उठले आणि त्यांनी टीव्हीचं बटण बंद केलं. मालकीणबाईंनी कंदील लावला. “बसा, येतील आत्ता,” असं दोनतीनदा झालं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पुढच्या रांगेत मालकांच्या नातीने भोकाड पसरलं, कारण गेलेला भाग परत दाखवत नाहीत हे तिलाही कळत होतं. आमच्या लेखी तो चिमणराव तिथल्या तिथे मेला होता.

तेवढ्यात चिमणराव बोलला.

“क-काऊ, तू उंदीर म्हणालीस की… चोर?”

सगळ्यांच्या माना टीव्हीकडे वळल्या. टीव्ही काळा. कंदिलाचा उजेड काचेत दिसत होता, बस. आणि मग आवाज पुन्हा आला, पण मागून, चपलांच्या बाजूने. तोच बिचकणारा, मध्येच तुटणारा आवाज. त्याला उत्तर म्हणून लगेच गुंड्याभाऊचा जाडाभरडा आवाज, तोही तिथूनच. अण्णा उभे राहिले होते. त्यांनी कोपऱ्यातली आपलीच छत्री उचलली. मालकीणबाईंच्या हातातून कंदील मागून घेतला. मागून घेतला म्हणजे नुसता हात पुढे केला आणि त्यांनी दिला. दादाला माळ्याच्या शिडीपाशी उभं केलं. आणि स्वतः तो चिमणराव, तो गुंड्याभाऊ, असं करत करत माणूस शिडी चढला.

शिडीवर थांबून त्यांनी तो प्रश्न विचारला तेव्हा उत्तर कोण देणार हे ठरलेलं नव्हतं. एक क्षण तसाच गेला. मग बायकांच्या घोळक्यातून काकूंचा आवाज आला, ताटाचा आणि मांजराचा. त्या चिमणराव-बिमणराव काही करत नव्हत्या, त्यांच्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या होत्या.

पुढचं काही आठवत नाही, कारण हसण्यात गेलं आणि लगेच लाइट आले. सगळ्यांनी ‘आऽऽ’ केलं. मालकांनी बटण फिरवलं. आधी आवाज आला, मग चित्र. बातम्या सुरू झाल्या होत्या. अण्णा शिडीवरून उतरले, कंदिलाची वात खाली केली, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि चपलांपाशी जाऊन बसले.

माझ्या आठवणीत हे सगळं पडद्यावर आहे. चौकटीत, काळंपांढरं. कंदिलाचा पिवळा उजेडसुद्धा मी चाळीस वर्षांत धुऊन पांढरा करून टाकला. अण्णांचा चेहरा काढून तिथे प्रभावळकरांचा बसवला. अण्णा आणि प्रभावळकर यांच्यात नाकापासून उंचीपर्यंत काहीही साम्य नाही हे मला दोघांचे फोटो शेजारी ठेवल्यावर कळलं.

पुढे वाड्याच्या गणपतीत अण्णांना सगळ्यांनी फार गळ घातली. मांडव होता, माइक होता, शंभर बल्बांची माळ होती. अण्णा नाही म्हणाले. मालकांनी स्वतः विचारलं, तरी नाही. खूपच आग्रह झाला तेव्हा बादलीकडे बघत म्हणाले, “दिवे असताना कसं करणार?” ते त्यांनी पुन्हा कधीही केलं नाही.

एकदाच होणं ही तेव्हा काही दुःखाची गोष्ट नव्हती. कीर्तन एकदाच व्हायचं, व्याख्यानमालेतलं व्याख्यान एकदाच व्हायचं. ज्याने ऐकलं त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून ऐकायचं. टीव्हीसुद्धा आमच्या दृष्टीने त्यातलाच. पुनःप्रक्षेपण हा शब्द असेल कोशात, पण चिमणरावाचा चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी नळावर ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे करून दाखवायचा, हीच व्यवस्था होती. त्यात सगळ्यात भाव आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींना. त्या वाक्य विसरायच्या आणि हसू मात्र आधीच सुरू करायच्या.

चित्रफीत तेव्हा महाग होती. सुरुवातीच्या फिती दोन इंच रुंद, रीळ चांगलं वजनदार, आणि पुसून पुन्हा भरायची सोय असलेली. सोय आहे म्हटल्यावर ती वापरली जाणारच. आमच्याकडेही पाटी पुसल्याशिवाय दुसरं गणित मांडता येत नसे. हे काही आपल्याकडेच झालं असं नाही. बीबीसीने साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग घालवले. आणि नासाने तर कमाल केली. १९६९मध्ये चंद्रावरून आलेलं चित्र ज्या मूळ फितींवर उतरलं होतं त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, हे त्यांनी २००९मध्ये शोधाशोध करून शेवटी कबूल केलं. माणसाचं चंद्रावरचं पहिलं पाऊल जिथे पुसलं गेलं तिथे सदाशिव पेठेतल्या कारकुनाने काय तक्रार करावी? पण ‘डॉक्टर हू’च्या त्या हरवलेल्या भागांचे आवाज मात्र सगळेच्या सगळे शिल्लक आहेत. घरोघरच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ते उतरवून घेतले होते. आमच्या वाड्यात टेपरेकॉर्डर नव्हता. अण्णा होते.

बाकी इतिहास सगळ्यांना माहीत आहे. १९८२चं एशियाड, रंगीत टीव्ही, मालकांच्या शटरची ऐट उतरणं, घरोघर अँटेना, रविवारी सकाळी रामायण. वाडा पडला. अण्णा त्याआधीच गेले, झोपेत, कोणालाही न उठवता. काकू मुलाबरोबर कोथरूडला राहायला गेल्या.

लग्नाहून परतल्यावर मी इंटरनेटवर चिमणराव शोधायला बसलो. हाती लागले ते तुकडे. पहिला तुकडा लावताना माझा हात खरंच थरथरत होता, हे कबूल करतो. काळंपांढरं चित्र, किंचित वाकडं, कडेने गिरवल्यासारखं. तिशीतले प्रभावळकर. बाजूला बसलेल्या भाच्याला मी म्हटलं, “हे बघ, हे तात्या विंचू.” त्याचा विश्वास बसेना. त्याला ते टिपऱ्यांचे आबा म्हणून माहीत, मुन्नाभाईतले गांधीजी म्हणून माहीत. त्यांना कधीकाळी काळे केस होते ही बातमी त्याने शंकेनेच घेतली. दोन मिनिटांनी म्हणाला, “मामा, स्पीड वाढवता येतो, माहितीये ना?”

खरं सांगायचं तर मलाही ते संथ वाटलं. माणूस दारातून येतो, टोपी काढतो, ठेवतो, बसतो. कॅमेरा थांबून राहतो. विनोदाच्या आधी एक मोठी शांतता येते, आणि ती भरायला कोणी नसतं. मग लक्षात आलं की ती जागा आमच्यासाठी सोडलेली होती. तिथे तेरा बिऱ्हाडं हसायची, कोणीतरी “गप्प बसा रे” म्हणायचं, आणि मालकीणबाईंचं “पुढे सरका” असायचं. आणि त्या शांततेतसुद्धा प्रभावळकर बिचकतात तेव्हा डाव्या हाताची बोटं कोटाच्या कडेला चाचपडत राहतात. हे मला मुळीच आठवत नव्हतं. हे मी नव्याने, पहिल्यांदा पाहिलं. फार सुरेख करतात.

शिडी कुठेच नव्हती. मी सगळे तुकडे पाहिले. मामेबहिणीला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, “तेच सांगत होते.”

मग एका रविवारी काकूंकडे गेलो. नव्वदीला टेकलेल्या, ऐकायला कमी येतं, पण नजर ठणठणीत. मला ओळखलं ते दादाच्या नावाने; “शिडीवाला?” असं विचारलं. मी म्हटलं, शिडीवाल्याचा धाकटा. लाडू पुढे केला. तो संपल्याशिवाय बोलायची परवानगी नव्हती. मग मी त्यांच्यापुढे टॅबलेट ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि चिमणराव लावला. त्या गुडघ्यावर हात ठेवून, पुढे वाकून, एकदाही पापणी न हलवता बघत होत्या. मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. हसल्या नाहीत. प्रभावळकर बिचकले तेव्हा मात्र त्यांनी खालचा ओठ किंचित दाताखाली धरला.

पडद्यावर बायकोचं काम करणारी बाई आली, दोन वाक्यं बोलली आणि आत गेली.

“ही कोण?” काकूंनी विचारलं.

“काऊ.”

“बोलली काय?”

मी त्यांच्या कानाशी जाऊन ती दोन वाक्यं सांगितली. त्या मागे टेकल्या. चष्मा काढून पदराने पुसला.

“हं,” म्हणाल्या. “मांजराचं विसरली बघ ती.”